मालवणला पहिली स्कूबा डाइव्ह करताय? आधी कान सांभाळा

पोहता येत नाही म्हणून मागे फिरू नका, पहिल्या डाइव्हला प्रशिक्षक सोबतच असतो. खरी अडचण कानांची. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, पण कान दुखायला लागतात ते पहिल्या दोन-तीन मीटरांतच. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकला, दुखायच्या आधीच, आणि उतरताना पुन्हा पुन्हा. दुखलंच तर थोडं वर या, जोर लावू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका.

बाकी एवढंच:
- श्वास रोखू नका, वर येताना तर मुळीच नाही. दाब कमी झाला की फुप्फुसातली हवा फुगते.
- मास्कखाली केस अडकले की पाणी शिरतं.
- अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. छान चाललंय हे सांगायला अंगठा-तर्जनीचं वर्तुळ करा. इथे नवखे हमखास चुकतात.
- परतीचं विमान 18 तासांनंतरचं घ्या.