सेऊलचा मेकओव्हर, आपला चेहरा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : ताई, मी मुलुंडला राहते आणि एका बँकेत नोकरी करते. येत्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझी मावसबहीण दक्षिण कोरियाला जाणार आहोत. आपल्याला शोभणारे रंग ठरवण्यापासून केस, मेकअप आणि स्टुडिओतील फोटोंपर्यंत सारे काही सेऊलमध्ये एका दिवसात करून मिळते, असे कळल्यापासून आम्हा दोघींना त्याची फार ओढ लागली आहे. परंतु माझा वर्ण सावळा आहे. आजवर घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात मेकअप करणाऱ्यांनी मला दोन छटा उजळ करून ठेवले आणि फोटोंत चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या रंगाची दिसली. तिथेही असेच होईल का? शिवाय घरी माझ्यासाठी स्थळे पाहत आहेत आणि आई म्हणते, तेच फोटो बायोडेटाला लावू. लावावेत का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि ती निघण्यापूर्वीच मनात आली हे बरे झाले, कारण खुर्चीत बसल्यावर आणि समोरच्याचे हात भरभर चालू लागल्यावर परक्या भाषेत ‘थांबा, हा माझा रंग नव्हे’ असे म्हणणे भल्याभल्यांना जमत नाही. तुम्हाला जी भीती वाटते ते तिथेही घडू शकते. मात्र थोडी पूर्वतयारी केली तर ते टाळता येते आणि मग हा अनुभव खरोखर घेण्यासारखा आहे.

आधी छटांचे पाहू. कोरियन मेकअपमध्ये बेससाठी जी कुशन (डबीतल्या स्पंजात भिजवलेले पातळ फाउंडेशन) वापरतात, ती अमोरेपॅसिफिक या कंपनीने २००८ मध्ये प्रथम बाजारात आणली. या कुशनच्या छटांना क्रमांक असतात आणि तिथल्या दुकानांत वर्षानुवर्षे १३, २१ आणि २३ याच क्रमांकांची चलती राहिली आहे. त्यांतला २३ तिथे गडद समजला जातो, पण आपल्याकडच्या गव्हाळ वर्णालाही तो बऱ्याचदा फिकाच पडतो. अलीकडे हे बदलू लागले आहे. तीरतीर या कंपनीने २०२४ मध्ये आपल्या कुशनच्या छटा मोठ्या संख्येने वाढवल्या, आणि त्यामागे सावळ्या-काळ्या वर्णाच्या परदेशी ग्राहकांची मागणी होती. तरीही दुकानात मिळणारी छटा मेकअप आर्टिस्टच्या पेटीत असेलच, असे गृहीत धरू नका. वेळ ठरवतानाच खिडकीजवळच्या उजेडात, मेकअप न करता काढलेला आपला फोटो पाठवा आणि या वर्णासाठी बेस आहे का, असे सरळ विचारा. उत्तर मोघम आले तर दुसरा स्टुडिओ शोधा. आणि उत्तर चांगले आले तरीही, मुंबईत स्वतःच्या मानेशी जुळवून घेतलेले फाउंडेशन आणि कन्सीलर बरोबर न्याच. त्यात कमीपणा किंवा अपमान असे काहीही नाही.

स्टुडिओ कुठला निवडावा, हे तुमच्या खिशावर ठरेल. गंगनम भागातील चोंगदाम-दोंग आणि आपगुजोंग येथील सलोन नटनट्या, गायक आणि नवरी मुली यांच्यासाठी प्रसिद्ध आहेत, त्यामुळे तिथले दरही तसेच चढे असतात. होंगदे हा विद्यापीठाचा परिसर आहे. तिथले स्टुडिओ लहान असतात, पण परदेशी मुलींशी इंग्रजीत बोलणारे अनेक आहेत. म्योंगदोंग मुख्यतः खरेदीसाठी. नुसते शोभणारे रंग ठरवून घेण्याला (रंगपरीक्षणाला) साधारण एक लाख वॉनच्या आसपास, म्हणजे सहा-साडेसहा हजार रुपये पडतात आणि मेकअप, केस, फोटो हे त्यावर वेगळे. वेळ बहुधा इन्स्टाग्रामवर किंवा काकाओटॉक या तिथल्या संदेशांच्या ॲपवर ठरते, आगाऊ रक्कम भरावी लागते, आणि उशीर झाल्यास ती बुडू शकते. गूगलचे नकाशे कोरियात पायी चालण्याचा रस्ता नीट दाखवत नाहीत, म्हणून नेव्हर मॅप हे तिथले नकाशांचे ॲप आधीच फोनवर घ्या. गल्लीतल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचा स्टुडिओ शोधण्यात बराच वेळ जातो.

माझ्या मते या साऱ्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे रंगपरीक्षण. तुमचा चेहरा स्वच्छ धुतलेला असतो, केस पांढऱ्या कापडाने झाकलेले असतात, अंगावरही पांढरे कापड असते आणि समोर दिवसाच्या उजेडासारखा दिवा असतो. मग हनुवटीखाली एकामागून एक रंगीत कापडे धरली जातात. दादरच्या साडीच्या दुकानात विक्रेता एकेक पदर खांद्यावर टाकून आरशासमोर उभे करतो, तसेच. फरक इतकाच की इथे पाहायचे असते ते कापडाकडे नव्हे, चेहऱ्याकडे. एका गुलाबीने डोळ्यांखालची वर्तुळे एकदम गडद होतात, तर जरा पिवळसर झाक असलेल्या दुसऱ्या गुलाबीने तीच वर्तुळे पुसट होतात आणि ओठांची कड स्पष्ट दिसू लागते. हे डोळ्यांदेखत घडते. त्यावरून तुम्हाला वसंत, ग्रीष्म, शरद किंवा हिवाळा अशा चार गटांपैकी एकात बसवतात. पहिला आणि तिसरा उबदार (पिवळसर) झाकेचे, उरलेले दोन थंड (निळसर-गुलाबी) झाकेचे.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. त्वचेची झाक वेगळी आणि तिचा गडदपणा वेगळा. सावळा वर्ण उबदार झाकेचा असू शकतो, तसाच थंड झाकेचाही. सावळेपणा पाहून कोणी कापडे न लावताच तुम्हाला ‘शरद’ ठरवू लागले, तर चारही गटांची कापडे लावून दाखवण्याचा आग्रह धरा. तुम्ही त्याचेच पैसे देत आहात. परीक्षणाला जाताना रंगीत लेन्स लावू नका. निकाल लिहून मागा आणि त्या गटातल्या दोन-तीन लिपस्टिक तिथेच लावून पाहा. बाकी हे गट म्हणजे सोयीसाठी केलेली विभागणी आहे. त्या तक्त्यात बसत नाही म्हणून आजीची डाळिंबी पैठणी नेसणे सोडू नका.

मेकअपविषयी थोडेच सांगते. थर पातळ, भुवया सरळसर, ओठांचा रंग आतून गडद आणि कडांना विरत गेलेला, अशी तिथली पद्धत आहे आणि ती आपल्या चेहऱ्यावर फार छान दिसते. अडचण येते ती भुवयांच्या रंगाची. तिथे केसांपेक्षा फिकट तपकिरी भुवया आवडतात, आणि आपल्या काळ्याभोर केसांखाली त्या धुळकट दिसतात. गडद तपकिरी मागा. काजळ हवे असेल तर तेही आधी सांगा. ऑक्टोबरात सेऊलची हवा कोरडी असते आणि मुंबईच्या दमट हवेची सवय असलेली त्वचा दोन दिवसांत ओढली जाते, म्हणून पोहोचल्यापासून मॉइश्चरायझर लावत राहा आणि मेकओव्हर प्रवासाच्या पहिल्याच दिवशी ठेवू नका.

आता फोटो, आणि तुमच्या आईचा प्रश्न. कोरियात नोकरीच्या अर्जाला फोटो लावण्याची प्रथा दीर्घकाळ असल्यामुळे स्टुडिओत काढलेला ओळखपत्राचा फोटो ही तिथे एक कलाच झाली आहे. पुष्कळ स्टुडिओंत फोटो काढून झाल्यावर ग्राहकाला पडद्यासमोर बसवतात आणि शेजारी बसलेली व्यक्ती तुमच्या देखत फोटो सुधारते. खांदे समपातळीत येतात, कपाळावरची सुटी बट नाहीशी होते. इथवर ठीक. पण त्याच ओघात जबडा दोन्हीकडून आत सरकतो, नाकपुड्या लहान होतात, रंग एक पायरी वर चढतो आणि ओठांवरचा तीळही जातो. करणारी व्यक्ती हे वाईट हेतूने करत नाही; तिच्या बहुतेक ग्राहकांना तेच हवे असते. म्हणून सुरुवातीलाच पापागो या भाषांतराच्या ॲपवर कोरियनमध्ये चार वाक्ये तयार ठेवा आणि फोन पुढे करा : त्वचेचा रंग बदलू नका, चेहऱ्याचा आकार बदलू नका, तीळ राहू द्या, फक्त पुरळ आणि सुटे केस काढा. चमकी घालत असाल तर तीही राहू द्या, असे सांगा. मूळ, न सुधारलेल्या फोटोंच्या फाइल मिळतील का आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का, हे वेळ ठरवतानाच विचारून ठेवा. तसेच तुमचे फोटो स्टुडिओ आपल्या जाहिरातीसाठी वापरणार का, हे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी वाचा. नको असेल तर स्पष्ट नकार द्या.

बायोडेटाला ते फोटो जरूर लावा, पण वरच्या चारही अटी पाळलेले असतील तरच. उजळवलेला आणि निमुळता केलेला चेहरा पाहून जी माणसे पोहे खायला येतील, ती तुम्हाला पाहायला आलेलीच नसतील; आणि दार उघडल्यावर त्यांच्या नजरेत जो फरक उमटेल, तो तुम्ही का सोसावा? सावळ्या मुलींना आपल्या समाजाने हे पुष्कळ सोसायला लावले आहे. आईंना मूळ फोटो आणि सुधारलेला फोटो शेजारी ठेवून दाखवा. त्या तुमच्या आई आहेत, त्यांना आपली मुलगी कोणत्या फोटोत आहे हे लगेच कळेल. पासपोर्ट किंवा व्हिसासाठी मात्र सुधारलेला फोटो मुळीच वापरू नका, तो नाकारला जाऊ शकतो. भारतीयांना कोरियाचा व्हिसा आधी काढावा लागतो, तेव्हा त्यासाठीचा फोटो इथलाच, साधा असू द्या.

आणि एवढे सगळे जमले नाही, तरी हिरमुसून जाऊ नका. चार चौकटींची फोटोपट्टी काढून देणारी छोटी फोटो-दुकाने सेऊलमध्ये गल्लोगल्ली आहेत. चार-पाच हजार वॉनमध्ये तुम्हा दोघी बहिणींचे फोटो लगेच हातात पडतात.

प्रश्न : माझे वय ५४. एप्रिलच्या सुरुवातीला लेकीबरोबर सेऊलला जात आहे. ती म्हणते, आई, तू तिथे केसांना कोरियन पर्म करून घे. मी अनेक वर्षे दर महिन्याला मेंदी लावते. शिवाय तिथल्या राजवाड्यात नऊवारी नेसून फोटो काढायची माझी इच्छा आहे. चालेल का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : पर्मबाबत, म्हणजे रसायने लावून केसांना टिकाऊ वळणे देण्याबाबत, घाई करू नका. शुद्ध मेंदीची पाने वाटून लावत असाल तर धोका कमी आहे. पण बाजारातल्या काही मेंद्यांत, विशेषतः लगेच काळा रंग देणाऱ्यांत, धातूंचे क्षार किंवा रासायनिक रंग मिसळलेले असतात. पर्मच्या शेवटी केसांवर पेरॉक्साइड लावले जाते आणि धातूच्या क्षारांशी त्याचा संयोग झाला की केस तापतात, रंग बिघडतो, केस तुटूही शकतात. निघण्यापूर्वी मानेकडच्या आतल्या बाजूचे थोडे केस कापून इथल्या चांगल्या सलोनमध्ये तपासून घ्या, आणि सेऊलच्या सलोनमध्ये मेंदीचा उल्लेख आवर्जून करा. तुम्हाला हवे आहेत ते फोटोंपुरते सुंदर केस; त्यासाठी केस धुऊन, वाळवून यंत्राने दिलेली वळणे पुरेशी होतात.

नऊवारी अवश्य नेसा. ग्योंगबोकगुंग हा १३९५ मध्ये बांधलेला राजवाडा मंगळवारी बंद असतो, तेव्हा दिवस पाहून ठरवा. प्रवेशाला ३,००० वॉन पडतात. हानबोक हा तिथला पारंपरिक पोशाख घातलेल्यांना प्रवेश विनामूल्य असतो, पण त्यासाठी वरचे जोगोरी आणि खालचा चिमा असे दोन्ही अंगावर लागते. नऊवारीला ही सवलत नाही, म्हणून तिकीट काढा आणि निर्धास्त आत जा. लेकीला हानबोक भाड्याने घेऊन द्या. राजवाड्याच्या आसपास अशी बरीच दुकाने आहेत आणि ती तासांवर भाडे घेतात. अनेक ठिकाणी वेणी घालून वर दागिनाही माळून देतात. नऊवारीतली आई आणि हानबोकमधली लेक, असा फोटो मला स्वतःला फार आवडेल. छायाचित्रकार नेमून मोठे दिवे लावायचा बेत असेल तर मात्र आधी चौकशी करा. व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते.

तिथून जवळच असलेल्या बुकचोन या जुन्या घरांच्या वस्तीत फोटो काढायला सगळेच जातात. ती लोकांची राहती घरे आहेत. तिथल्या ठरावीक भागात पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढ्याच वेळेत जाता येते आणि मार्च २०२५ पासून नियम मोडणाऱ्यांना एक लाख वॉन दंड आहे. गिरगावातल्या चाळीत राहिलेल्या माणसाला, दाराशी अनोळखी लोक सतत फोटो काढत उभे असले तर कसे वाटेल, हे सांगायला नको. एप्रिलच्या सुरुवातीला चेरीचा बहर असतो, पण सकाळी गारठाही चांगलाच असतो. नऊवारीवर शाल ठेवा.

प्रश्न : माझी १९ वर्षांची मुलगी मैत्रिणींबरोबर कोरियाला जाणार आहे. मेकओव्हर आणि फोटो यांना माझी हरकत नाही, पण ती तिथे चेहऱ्याला लेझर करून गोरेपणाचे इंजेक्शन घेणार म्हणते. अडवू का? — एक वाचक, कांदिवली

उत्तर : होय, या दोन गोष्टींपुरते अडवा, आणि का अडवता ते तिच्याजवळ बसून सांगा. आपल्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक असल्यामुळे चुकीच्या मात्रेच्या लेझरनंतर किंवा तीव्र पीलनंतर (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढल्यावर) काळे डाग पडण्याची शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असते, आणि ते डाग जायला महिने लागतात. अशा उपचारानंतर ऊन कटाक्षाने टाळावे लागते. सहलीत दिवसभर भटकणाऱ्या मुलीला ते जमणार नाही आणि काही बिघडले तर पाठपुरावा करणारे डॉक्टर दुसऱ्या देशात असतील. इंजेक्शनाविषयी एवढेच सांगते की अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने त्वचा उजळण्यासाठी एकाही इंजेक्शनाला मान्यता दिलेली नाही. पुरळ किंवा डागांची खरी तक्रार असेल तर जाण्याच्या दोन-तीन महिने आधी मुंबईतल्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

बाकी खरेदी तिला मनसोक्त करू द्या. तिथली सनस्क्रीन हलकी असतात आणि आपल्या दमट हवेत चिकट वाटत नाहीत. कोणतेही नवे क्रीम आधी कानामागे लावून दोन दिवस पाहायला सांगा. पासपोर्ट जवळ असल्यास १५,००० वॉन किंवा अधिकच्या खरेदीवर अनेक दुकानांत कर परत मिळतो, तेव्हा पावत्या जपून ठेवायला सांगा. आणि परतताना १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटल्या हातातल्या पिशवीत न ठेवता चेक-इन सामानात टाकायला सांगा.