आर. आर. पाटील यांची कारकीर्द मोजायची कशावरून?

आर. आर. पाटील यांचे नाव निघाले की डान्सबार बंदी आणि २६/११ नंतरचे ते एक वाक्य एवढेच आठवते. मग ग्रामीण महाराष्ट्रात आजही ‘आबा’ हे नाव इतक्या जिव्हाळ्याने का घेतले जाते, असा प्रश्न विचारला गेला आहे. माझे उत्तर असे, की त्यांची कारकीर्द गृहखात्यावरून मोजू नये. १९९९ ते २००३ या काळात ग्रामविकासमंत्री म्हणून त्यांनी जे केले, ते त्यांचे खरे आणि टिकाऊ काम आहे. त्या वर्षांत मी जिल्हा परिषदेच्या सेवेत होतो, त्यामुळे ते काम जवळून पाहता आले.

पाटील यांचा जन्म १६ ऑगस्ट १९५७ रोजी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, अंजनी या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती; ‘कमवा आणि शिका’ योजनेतून त्यांनी शिक्षण घेतले आणि पुढे कायद्याची पदवी मिळवली. १९७९ मध्ये ते सावळज गटातून सांगली जिल्हा परिषदेवर निवडून गेले आणि १९९० मध्ये तासगावचे आमदार होईपर्यंत तेथेच होते. ही दहा-अकरा वर्षे चरित्रलेखात एका ओळीत उरकली जातात, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटतात. ग्रामपंचायतीचा ठराव पंचायत समितीत कुठे अडतो, गटविकास अधिकाऱ्याच्या हातात नेमके काय असते आणि ग्रामसेवक कशाला घाबरतो, हे मंत्रालयात बसून कळत नाही. ऑक्टोबर १९९९ मध्ये विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळात नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे त्यांच्याकडे ग्रामविकास खाते आले, तेव्हा हे सारे त्यांना ठाऊक होते. त्या काळी हे खाते वजनदार समजले जात नसे.

२०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाचे मर्म समजून घेण्यासाठी त्याआधीची स्थिती लक्षात घ्यावी लागते. तोवर शासन शौचालयासाठी अनुदान देत असे. अनुदान उचलले जाई, बांधकाम होई, आणि अनेक गावांत त्या खोल्यांत सरपण नाही तर गोवऱ्या भरलेल्या दिसत. अभियानाने हा क्रम उलटा केला. गावाला आधी पैसे मिळत नव्हते. लोकांनी वर्गणी आणि श्रमदान यांतून काम करायचे, तपासणी समितीने येऊन गुण द्यायचे आणि तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी वर गेलेल्या गावाला बक्षीस मिळायचे. बक्षीस मूठभर गावांनाच मिळणार, हे सर्वांना माहीत होते. तरीही शेकडो गावांनी त्या रकमेपेक्षा कितीतरी अधिक किमतीचे काम स्वतःहून केले, याचे कारण शेजारच्या गावापेक्षा आपले गाव मागे पडू नये ही ईर्षा होती, आणि ती विधायक कामाला जुंपता येते हे आबांनी ओळखले होते.

तपासणीच्या आधीचा आठवडा ज्याने पाहिला आहे, त्याला मी काय म्हणतो ते लगेच समजेल. पहाटे हाळी देऊन माणसे गोळा केली जात. गटारे उपसली जात, सांडपाण्यासाठी शोषखड्डे खणले जात, रस्त्यावर आलेले उकिरडे गावाबाहेर हलवले जात. एरवी एकमेकांशी न बोलणारे दोन गट एकाच गल्लीत झाडू मारताना दिसत. समितीचे लोक रांगोळ्यांवर फारसे थांबत नसत. ते घराच्या मागच्या बाजूला जात, शौचालयाचे दार उघडून ते वापरात आहे की नाही हे पाहत, शाळेतल्या मुलांना हात कधी धुता असे विचारत आणि ग्रामसभेचे इतिवृत्त मागत. सातारा जिल्ह्यातील धामणेरसारखी गावे या अभियानामुळे राज्यभर ओळखली गेली आणि ती पाहण्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यांतून सरपंच येऊ लागले. पुढे केंद्र शासनाने निर्मल ग्राम पुरस्कार सुरू केला, तेव्हा महाराष्ट्रातील गावे त्यात आघाडीवर राहिली, ती या पूर्वतयारीमुळेच. अर्थात बक्षीस मिळाल्यावर काही गावे पुन्हा होती तशी झाली, आणि हा या पद्धतीचा खरा दोष आहे. स्पर्धा संपल्यावर गावाला कामाला लावणारे दुसरे काही अभियानाने दिले नव्हते.

हीच पद्धत त्यांनी गृहमंत्री झाल्यावर १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत वापरली. ग्रामसभेने समिती निवडायची, बांधाचे, वाटणीचे, किरकोळ मारामारीचे वाद नोंदवहीत घ्यायचे आणि कायद्याने तडजोड करता येते असेच वाद सामोपचाराने मिटवायचे, अशी ती रचना होती. वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखा करणारी भावकी एका बैठकीत बांधावरचा दगड हलवायला तयार झाल्याची उदाहरणे खरी आहेत. पण या मोहिमेबाबत मी तितका निःशंक नाही. गावकीची ताकद जिथे एका बाजूला झुकलेली असते, तिथे तडजोड म्हणजे दुबळ्याने माघार घेणे ठरते. नांदवले जात नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला गावाचे गुण जातील म्हणून गप्प बसवले जाण्याचा धोका या रचनेतच होता. स्वच्छतेची चढाओढ कोणाचा हक्क हिरावून घेत नाही. न्यायाची चढाओढ तो हिरावू शकते.

गृहखाते त्यांच्याकडे डिसेंबर २००३ मध्ये छगन भुजबळ यांच्या राजीनाम्यानंतर आले. २००४ च्या निवडणुकीत राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळूनही मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे गेले आणि पाटील उपमुख्यमंत्री झाले. वशिल्याशिवाय पोलीस भरती झालो, असे सांगणारे शेतकऱ्यांचे मुलगे आजही भेटतात, आणि ते श्रेय आबांना द्यायलाच हवे. डान्सबार बंदीमागची कळकळही खरी होती, पण कायदा कच्चा होता. २००५ च्या दुरुस्तीत तारांकित हॉटेलांना सूट ठेवली गेली आणि तो भेदभाव न्यायालयात टिकला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. उपजीविका गमावलेल्या स्त्रियांच्या पुनर्वसनाचा विचार तर बंदीच्या उत्साहात मागेच पडला.

२६/११ च्या हल्ल्यानंतर ‘मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होत असतात’ या अर्थाचे जे हिंदी वाक्य ते बोलून गेले, त्याचे समर्थन होऊ शकत नाही. १ डिसेंबर २००८ रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि तो देणे योग्यच होते. मात्र, त्या एका वाक्यावर सारी कारकीर्द तोलणे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्यावर टीका करायचीच असेल, तर ती अधिक गंभीर मुद्द्यांवर करता येते. २००९ मध्ये गृहखात्यावर परतल्यानंतर, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि राज्याच्या पोलिसांचा तपास इतका रेंगाळला, की २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने तो सीबीआयकडे सोपवला. याच काळात त्यांनी गडचिरोलीचे पालकमंत्रिपद मात्र आपणहून घेतले. मंत्री सहसा ज्या जिल्ह्याची जबाबदारी टाळतात, तिथे ते वारंवार गेले, हे विसरता कामा नये.

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ५७ वर्षांचे होते. त्यानंतर तासगाव-कवठेमहांकाळची जागा पत्नी सुमनताईंनी आणि २०२४ मध्ये मुलगा रोहित यांनी राखली. २०२० मध्ये शासनाने गावांसाठीच्या स्मार्ट ग्राम पुरस्काराला त्यांचे नाव दिले आणि तो ‘सुंदर गाव’ पुरस्कार झाला. प्रश्नकर्त्याला पडताळा घ्यायचा असेल, तर त्या काळात बक्षीस मिळवलेल्या एखाद्या गावाच्या ग्रामपंचायतीत जाऊन २००० ते २००३ ची ग्रामसभेची इतिवृत्ते पाहावीत. वर्गणी कोणी किती दिली आणि कोणत्या गल्लीचे गटार कोणी खणले, हे त्यांत नावानिशी सापडेल.