हडळ होऊन जा, पण रस्ता बघून

प्रिय सई,

रविवारी फोनवर तू आजीला सांगितलंस की यंदा ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, तू हडळ होऊन दारोदार खाऊ मागायला जाणार. त्यावर ती म्हणाली, "भुताखेतांचे सण आपल्यात नसतात गं बाई." फोन ठेवल्यापासून तू माझ्या मागे लागली आहेस. मराठी लोकांनी हॅलोविन करायचं नसतं का? नसेल, तर बाबा मला सोडतो कसा? आणि सोडतोच आहे, तर एवढे नियम कशाला? तोंडी सांगायला गेलं की तू मधेच वाद घालतेस, म्हणून लिहून देतोय.

आधी आजीचं. ती ज्या नागपुरात राहते, तिथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते. अक्राळविक्राळ बायकांचे प्रचंड पुतळे, दहा पुरुष उंचीचे वाटायचे मला तेव्हा. लोक ओरडतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" आणि शेवटी ते पुतळे जाळून टाकतात. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आलाय त्याची सोंगं : महागाई, लाचखाऊ पुढारी, काय वाट्टेल ते. हे सगळं बघायला मला महाल भागातल्या गर्दीत हाताला धरून कोण न्यायचं? हीच आजी. त्याच दिवशी तान्हा पोळा असतो. आम्ही पोरं लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत घरोघर जायचो आणि प्रत्येक घरी बोजारा मिळायचा. कुठे चार आणे, कुठे गोळ्या, कुठे नुसतीच करंजी. घरातून पिशवी घेऊनच निघायचो. भरली नाही तर तोंडं पडायची.

तुझ्या आईला विचार. ती गुहागरकडची. तिथे शिमग्यात संकासुर दारात येतो, अंगभर काळे कपडे, डोक्यावर उंच टोकदार टोपी, आणि पोरांच्या मागे धावतो. घरातली माणसं त्याला पोस्त, म्हणजे शिमग्याची बक्षिसी, देतात तेव्हा कुठे तो पुढच्या घरी जातो. आई तेव्हा धान्याच्या कणगीमागे लपायची. हे तिने तुला सांगितलं नसणार.

म्हणजे सोंग, भीती, दारोदार फिरणं आणि खाऊ हे सगळं आपल्याकडे आहे. फक्त ते एकाच रात्रीत कोंबलेलं नाही.

पण आजी उगाच बोलली असंही नाही. तिला भूत खटकत नाही, मेलेल्या माणसाची थट्टा खटकते. समोरच्या घराच्या हिरवळीवर थर्माकोलची थडगी आणि मातीतून बाहेर येणारे हात दिसतात ना, तो फोटो तू तिला पाठवलास आणि ती दिवसभर गप्प होती. आजोबा गेल्यापासून ती सर्वपित्रीला पान वाढून कावळ्याची वाट बघते. तिच्यासाठी गेलेली माणसं वर्षातून एकदा जेवायला येतात, घाबरवायला नाही. गंमत अशी की हॅलोविनचं मूळही याच्या फार लांब नाही. आयर्लंड-स्कॉटलंडकडचे जुने लोक सुगी संपताना, हिवाळ्याच्या तोंडावर सावन नावाचा सण करायचे, आणि त्या रात्री मेलेले परत फिरतात असं मानायचे. पुढे ख्रिस्ती लोकांनी १ नोव्हेंबरला सगळ्या संतांचा आणि २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस ठेवला. आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवे करायचे. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश लोक अमेरिकेत आले आणि इथे त्यांना भोपळा सापडला, कोरायला कितीतरी सोपा. प्लास्टिकचे सांगाडे हा दुकानदारांचा शोध.

म्हणून आपल्या घराचा रिवाज असा : भोपळा कोरायचा, पण अंगणात थडगं, प्रेत किंवा झाडाला लटकवलेला माणूस नाही. हडळ, मुंजा, खवीस, वेताळ चालतील, ती आपलीच मंडळी आहेत. (मुंजा होण्याचा विचार तू सोडलास ते बरं. लंगोटीवर न्यू जर्सीची ऑक्टोबरमधली संध्याकाळ काढता येत नाही.)

आता नियमांकडे येतो. तुझ्या मैत्रिणीची आई म्हणाली, चॉकलेटात कोणी विष, सुई घालतं, म्हणून सगळं तपासा. ही भीती इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जोएल बेस्ट नावाच्या डेलावेअर विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं अशा बातम्यांचा माग काढला. अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याचं एकही सिद्ध झालेलं उदाहरण त्यांना सापडलं नाही. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एक मुलगा खरोखर विषाने गेला, पण ते विष त्याच्या बापानेच विम्याच्या पैशासाठी घातलं होतं. तू अकराची आहेस म्हणून हे सांगतोय. फुटलेलं वेष्टन दिसलं तर फेकून द्यायचं, एवढं पुरे.

मला भीती वाटते ती गाड्यांची. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतल्या अमेरिकेतल्या अपघातांचा एक अभ्यास झालाय. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळची तुलना त्यांनी एक आठवडा आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळशी केली. हॅलोविनला रस्त्यावर चालणाऱ्याचा जीव जाण्याचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तर तो दहापट होता. सर्वांत वाईट वेळ संध्याकाळी सहाच्या आसपासची, म्हणजे आपल्याकडे सूर्य मावळतो नेमका तेव्हाची. ऑफिसातून घाईने घरी येणारे लोक आणि काळ्या कपड्यांतली पोरं एकाच वेळी रस्त्यावर. त्यात तुझ्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ, सहा वर्षांचा, तुमच्या बरोबर येणार आहे. त्याचा हात तुमच्यापैकी कोणीतरी सतत धरलेला हवा. "तो आपला आपण येतो" हे मी ऐकणार नाही.

हडळ पांढऱ्या साडीत असते हे आपल्या पथ्यावर पडलं. तरी पाठीवर चमकणारी पट्टी लावू आणि हातात बॅटरी. मुखवटा नाही, बाजूचं दिसत नाही त्यातून. तोंड रंगवू, पण रंग आदल्या रात्री हाताच्या आतल्या बाजूला लावून बघू, पुरळ आलं तर कळेल. साडी घोट्याच्या वर. आणि हडळीचे पाय उलटे असतात म्हणून बूट उलटे घालून चालायची तुझी कल्पना मी ऐकली, कौतुकही वाटलं, पण फुटपाथच्या कडेवर तोंडावर आपटशील. बुटांच्या मागच्या बाजूला कागदाची बोटं चिकटव, तेवढं चालेल.

दिवाळीत फुलबाजी हातात देण्याआधी आजी आम्हाला सुती कपडे घालायला लावायची आणि पाण्याची बादली भरून ठेवायची. तोच हिशेब इथे. दुकानातले हॅलोविनचे पोशाख बहुतेक पॉलिएस्टरचे, आणि लोक पायऱ्यांवर खऱ्या मेणबत्त्या ठेवतात. पदर सांभाळायचा. आपल्या भोपळ्यात सेलवरचा दिवा असेल.

रस्ता कोपऱ्यावरच ओलांडायचा, उभ्या गाड्यांच्या मधून नाही. एका बाजूची सगळी घरं आधी, मग दुसऱ्या बाजूची. ज्या घराचा व्हरांड्याचा दिवा बंद आहे, तिथे बेल वाजवायची नाही, त्यांना यायला नकोय. दारातूनच घ्यायचं, कितीही गोड आजीबाई असल्या तरी आत जायचं नाही.

खाऊबद्दल एकच. गमी, मार्शमॅलो, कँडी कॉर्न यांत बहुधा जिलेटिन असतं, आणि ते जनावराच्या हाडा-कातड्यातून येतं. आजी विचारणारच. वेष्टन वाचून तू ठरव. मी त्यावर भांडणार नाही.

आपल्या ओळखीतली काही मराठी घरं त्या संध्याकाळी दिवा मालवून बाहेर जेवायला जातात, आणि पोरांना मात्र दुसऱ्यांच्या गल्लीत पाठवतात. ते मला पटत नाही. नको असेल तर दोन्ही नको. आपला दिवा चालू राहील. दिवाळीचा आकाशकंदील अजून उतरवलेला नाही, तो तसाच राहू दे, येणारी मुलं विचारतात आणि आईला सांगायला आवडतं. बाजूच्या गावातून गाडीने येणारी मुलं असतात, वेष न करता नुसती पिशवी पुढे करणारी दांडगी पोरं असतात, शेजारी कुरकुरतात. सगळ्यांना द्यायचं. यंदा व्हरांड्यात एक निळसर-हिरवा रंगवलेला भोपळाही ठेवू. २०१४ पासून इथे ती खूण चालते : या घरी खाण्याव्यतिरिक्त काहीतरी मिळेल, ज्यांना शेंगदाण्याची वगैरे ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी. पेन्सिली आणि उड्या मारणारे छोटे चेंडू आणलेत मी. त्यांतले चेंडू तू आधीच पळवू नकोस.

आजीला शनिवारी स्वतः फोन कर. हडळीचा फोटो दाखव आणि मारबतीबद्दल विचार, तासभर बोलेल.

शुक्रवारी आठला घरी. सव्वाआठ वाजले की मी ते नारिंगी चमकणारं जाकीट घालून शोधायला निघेन आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहून "सोनुल्याऽऽ" अशी हाक मारेन, तुझ्या सगळ्या मैत्रिणींसमोर.

तुझा,
बाबा