गोळ्या चालू असूनही भावाला आवाज ऐकू येतात. नुसत्या बोलण्याने ते जातील का?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या वेळेवर चालू आहेत, बाकी बराच फरक पडला, पण एक आवाज काही केल्या जात नाही. डॉक्टरांनी समुपदेशन सुचवलंय आणि घरात प्रश्न पडलाय की बोलून आवाज जाणार कसा? शिवाय घरी त्याच्यापाशी हा विषय काढावा की टाळावा?

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि माझ्याकडे असे बरेच शुभार्थी, म्हणजे मानसिक आजार असलेले लोक, येतात. आवाज जाईलच असं मी कोणालाच सांगत नाही. पुष्कळांचा जात नाही. पण त्याचा दरारा कमी होतो, आणि रोजच्या जगण्यात खरा फरक तिथे पडतो.

आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कोणाचा वाटतो, किती ताकदवान वाटतो आणि ऐकलं नाही तर काय होईल असं वाटतं, यावर त्रास ठरतो. पॉल चॅडविक आणि मॅक्स बर्चवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हे मांडलं आणि सीबीटीवाल्यांचं (सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी बोलण्याची थेरपी) बरंचसं काम आजही त्यावरच उभं आहे. समजा आवाज म्हणतो, ‘आंघोळ केलीस तर आई मरेल.’ तर मी ‘हा भास आहे हो’ असं समजावत बसत नाही. ते त्याने शंभर जणांकडून ऐकलेलं असतं. मी विचारते, आजवर या आवाजाने सांगितलेलं किती खरं झालं? कधी त्याचं ऐकलं नाहीत, असं झालंय का? मग काय झालं? मग हळूहळू, तो तयार असेल तेव्हा, एखादी अगदी छोटी आज्ञा मोडून बघायची. आई संध्याकाळी चहा करताना दिसते. एवढ्याने सगळं बदलत नाही, पण आवाज थापा मारतो ही शंका एकदा मनात शिरली की पुढचं काम सोपं जातं.

सोबत वहीत नोंदी ठेवायच्या. आवाज कधी वाढतो? बहुतेक वेळा जागरण, घरातलं भांडण किंवा रिकामी दुपार यांच्या आसपास सापडतो. मोठ्याने वाचणं, गुणगुणणं यानेही अनेकांचा आवाज तेवढ्यापुरता दबतो. मनातल्या मनात चालणारं आपलंच बोलणं मेंदू परकं म्हणून ओळखतो, असा एक तर्क आहे, त्याच्याशी हे जुळतं. एखाद्याला रामरक्षा लागू पडते, एखाद्याला जुनी गाणी. (आवाज देवाचाच वाटत असेल तर मात्र स्तोत्रं जपून.)

पुराव्याचं म्हणाल तर ब्रिटनमधली नाइस ही उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी संस्था स्किझोफ्रेनियासाठी गोळ्यांच्या जोडीने सीबीटीची किमान १६ सेशन्स द्यावीत असं सांगते. सरासरी फायदा माफक आहे, हेही खरं. आज्ञा देणाऱ्या आवाजांवरची बर्चवुड यांची चाचणी २०१४ मध्ये आली, त्यात १९७ जण होते. दीड वर्षानंतर नेहमीच्या उपचारांवरच्या गटात ४६ टक्के लोकांनी घातक आज्ञा पाळल्या होत्या, थेरपी घेतलेल्यांत २८ टक्के. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. लंडनमध्ये ज्युलियन लेफ या मानसोपचारतज्ज्ञांनी तर आवाजाला संगणकावर चेहराच दिला. पडद्याआडून थेरपिस्ट त्या चेहऱ्याच्या तोंडून आवाजाच्या वतीने बोलतो आणि माणूस त्याला उलट उत्तर द्यायला शिकतो. १५० जणांच्या चाचणीत १२ आठवड्यांना हा प्रकार साध्या समुपदेशनापेक्षा सरस ठरला. २४ आठवड्यांना मात्र फरक उरला नाही, कारण समुपदेशनवालेही सुधारत गेले होते. तेव्हा आपुलकीने ऐकून घेण्याला कमी लेखू नका.

विषय टाळू नका. टान्या लुरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्निया, घानातलं आक्रा आणि चेन्नई इथे प्रत्येकी २० जणांशी आवाजांबद्दल बोलून अभ्यास केला. चेन्नईत अनेकांना नातेवाइकांचे आवाज यायचे, कामं कर म्हणून रागावणारे, सल्ले देणारे. माझ्याकडेही आत्या आणि वारलेले आजोबा भरपूर येतात. म्हणून ‘कोणासारखा वाटतो रे?’ हा प्रश्न घरीही विचारता येतो. ‘असं काही नाहीच’ म्हणून वाद घालू नका आणि ‘हो, मलाही येतो’ असं खोटंही बोलू नका. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला येतोय आणि त्रास होतोय हे कळतंय. आत्ता काय म्हणतोय?’ इतकं पुरे. त्याला सांगायचं नसेल तर सोडून द्या, चहा प्या.

गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत, थेरपी कितीही छान चालली तरी. आणि आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतोय का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने डोक्यात नवं काही भरत नाही. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालतो. तुमच्यासारख्या शुभंकरांसाठी, म्हणजे काळजी घेणाऱ्या घरच्यांसाठी, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं काम आहे, तिथेही चौकशी करा.

थेरपिस्ट निवडताना आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का आणि आवाज ऐकू येणाऱ्यांबरोबर आधी काम केलंय का, हे फोनवरच विचारून घ्या. पहिल्याच भेटीत ‘पॉझिटिव्ह विचार करा’ म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा पैसे घालवू नका.