एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर: चाहत्यांनी काढलेला क्लब फसला का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांनी 2005 मध्ये स्वतःचा वेगळा क्लब का आणि कसा काढला, ही पहिली. आणि वीस वर्षांनंतरही तो इंग्लिश फुटबॉलच्या सातव्या पायरीवरच असेल तर तो फसला असं म्हणायचं का, ही दुसरी. दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे. पण ते पटायला पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट पाहावं लागेल.

मे 2005 मध्ये अमेरिकन उद्योजक माल्कम ग्लेझर यांनी मँचेस्टर युनायटेड ताब्यात घेतला. व्यवहार सुमारे 79 कोटी पौंडांचा होता आणि त्यातला मोठा हिस्सा कर्जाऊ होता. त्या कर्जाचा बराचसा बोजा खुद्द क्लबवर टाकण्यात आला. म्हणजे ज्याला विकत घेतलं, त्याच्याच कमाईतून विकत घेण्याच्या खर्चाचं व्याज जायचं. त्याआधी क्लबवर म्हणण्यासारखं कर्ज नव्हतं. चाहत्यांचा संताप समजण्यासारखा होता, आणि तो अचानक उसळलेलाही नव्हता. 1998 मध्ये रूपर्ट मर्डोक यांच्या बीस्कायबी या टीव्ही कंपनीने हाच क्लब विकत घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा चाहत्यांच्या संघटना उभ्या राहिल्या होत्या आणि 1999 मध्ये ब्रिटिश सरकारने तो व्यवहार रोखला होता. त्या लढ्यातली माणसं, अनुभव, संपर्क सगळं शिल्लक होतं. या वेळी मात्र रोखणारं कोणी नव्हतं.

मग मँचेस्टरमध्ये सभा झाल्या, आधी मेथडिस्ट सेंट्रल हॉलमध्ये आणि मग अपोलो थिएटरमध्ये. नवा क्लब काढायचा ठरलं. लंडनमध्ये एएफसी विम्बल्डनने तीन वर्षांपूर्वी वाट दाखवलीच होती. त्यांचा मूळ क्लब मिल्टन कीन्सला हलवायला 2002 मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा तिथल्या चाहत्यांनी सार्वजनिक मैदानावर निवड चाचणी घेऊन स्वतःचा संघ उभा केला होता. मँचेस्टरकरांनी त्यांचा सल्ला घेतला. क्लबचं नावही सभासदांच्या मतदानाने ठरलं. कार्ल मार्जिन्सन व्यवस्थापक झाले आणि निवड चाचणीला शेकडो खेळाडूंनी अर्ज केले. 16 जुलै 2005 ला ली इथे पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. गोल एकही झाला नाही, तरी शिट्टी वाजताच प्रेक्षक मैदानात धावले. मालकी बदलल्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. एवढ्या वेळात आपल्याकडे एखाद्या मंडळाची नोंदणीसुद्धा होत नाही!

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. या क्लबची नोंदणी सहकारी संस्था म्हणून आहे. मूळ भाग भरून सभासद व्हायचं, संचालक मंडळ निवडायचं, सर्वसाधारण सभेत मतदान करायचं. दहा पौंड भरलेले असोत की दहा हजार, मत एकच. साखर कारखान्याचा किंवा दूध संघाचा सभासद असलेल्या घरातल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. नातं त्याहूनही जवळचं आहे. मँचेस्टरपासून अगदी जवळ असलेल्या रॉचडेल गावात 1844 मध्ये विणकर आणि कारागिरांनी स्वतःच्या मालकीचं किराणा दुकान काढलं आणि ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व तिथून जगभर गेलं. आपल्याकडची सहकार चळवळही त्याच परंपरेतली. फुटबॉल क्लब चालवायला ही पद्धत निवडणाऱ्यांनी ती बाहेरून आणली नव्हती, ती त्यांच्या परिसरातलीच होती.

क्लबच्या स्थापना-तत्त्वांत आणखीही काही गोष्टी आहेत: तिकीट शक्य तेवढं परवडणारं ठेवायचं, आसपासच्या वस्तीशी नातं जोडायचं, तरुणांना आणायचं, बाजारूपणा शक्यतो टाळायचा, क्लब नफ्यासाठी चालवायचा नाही. जर्सीवर प्रायोजकाचं नाव घ्यायचं नाही, हे ते अजून पाळतात. 2009 पासून हंगामी पासाची पद्धतही बदलली: एक किमान रक्कम ठरवली आणि त्यावर ज्याला जेवढं झेपेल तेवढं त्याने द्यावं. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात माणसांवर विश्वास टाकलेला आहे.

मैदानावरचा प्रवास सुरुवातीला झपाट्याचा होता. इंग्लंडमध्ये वरच्या चार पायऱ्यांवर मिळून 92 क्लब असतात. त्याखालचा सगळा पसारा नॉन-लीग. एफसी युनायटेडने दहाव्या पायरीवरून सुरुवात केली आणि पहिल्या तिन्ही हंगामांत बढती मिळवली. ज्या स्पर्धेत काही संघांना शंभर-दोनशे प्रेक्षक मिळायचे, तिथे एप्रिल 2006 मधल्या एका सामन्याला 6,023 माणसं आली.

मग 5 नोव्हेंबर 2010. एफए कप, म्हणजे लहान-मोठे सगळे क्लब उतरतात ती इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा. तिची पहिली फेरी, प्रतिस्पर्धी रॉचडेल, म्हणजे चार पायऱ्या वरचा संघ. एफसी युनायटेडने 2-0 आघाडी घेतली, रॉचडेलने 2-2 केलं आणि 90 मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत माइक नॉर्टनने तिसरा गोल केला. गोलरक्षकाच्या हातातलाच चेंडू त्याने काढला, असा वाद तेव्हा झाला आणि तो रास्त होता. पण पंचांनी गोल दिला आणि 3-2 हा निकाल कायम राहिला. पुढच्या फेरीत ब्रायटनच्या मैदानावर 1-1 अशी बरोबरी झाली. शेवटच्या क्षणी गोलरक्षक सॅम अ‍ॅश्टनने पेनल्टी अडवली. फेरसामना ब्रायटनने 4-0 जिंकला. हेच ब्रायटन आज प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर खेळतं.

यानंतर 2011, 2012 आणि 2013 असं लागोपाठ तीन वर्षं बढतीच्या अंतिम सामन्यात हार झाली. 2015 मध्ये अखेर विजेतेपद मिळवून संघ सहाव्या पायरीवर पोहोचला.

त्याच वर्षी स्वतःचं मैदान झालं. 2014 पर्यंत संघ मुख्यतः बरी क्लबच्या भाड्याने घेतलेल्या गिग लेन मैदानावर खेळायचा. टेन एकर्स लेनवरच्या मैदानाचा पहिला बेत 2011 मध्ये नगरपालिकेने माघार घेतल्यामुळे बारगळला होता. मग मॉस्टन वस्तीतली जागा ठरली. ब्रॉडहर्स्ट पार्कला 60 लाख पौंडांहून अधिक खर्च आला. त्यातले सुमारे 20 लाख सभासदांनी आणि हितचिंतकांनी भाग घेऊन उभे केले, बाकी अनुदानं आणि कर्ज. उभ्याने सामना पाहायच्या पायऱ्यांसाठी नॉर्थविच व्हिक्टोरिया क्लबच्या पाडलेल्या मैदानातलं सामान वापरलं. मॉस्टनला लागूनच न्यूटन हीथ आहे, जिथे 1878 मध्ये रेल्वे कामगारांनी मँचेस्टर युनायटेडचा मूळ संघ स्थापन केला. उद्घाटनाचा सामना 29 मे 2015 ला पोर्तुगालच्या बेनफिका क्लबच्या दुसऱ्या फळीच्या संघाशी ठेवला होता. 1968 मध्ये याच तारखेला मँचेस्टर युनायटेडने बेनफिकाला हरवून पहिला युरोपियन कप जिंकला होता. क्लब सोडला तरी त्याचा इतिहास या लोकांनी सोडला नाही. तो आपलाच आहे, मालकाचा नाही, असं ते मानतात आणि मलाही ते पटतं.

पण मैदान झाल्यावर घरातली भांडणं वाढली. कर्जाचे हप्ते होते, देखभाल होती. सभासदांना न विचारता निर्णय होतात, हिशेब खुला नाही, अशा तक्रारी आल्या. 2016 मध्ये सुरुवातीपासूनचे जनरल मॅनेजर अँडी वॉल्श यांनी पद सोडलं, मंडळातले काही जण बाहेर पडले आणि निवडणुकीने नवं मंडळ आलं. टीव्हीसाठी सामन्याच्या वेळा बदलण्यावरही वाद होते. नोव्हेंबर 2015 मध्ये चेस्टरफील्डविरुद्धचा कपचा सामना सोमवारी रात्री ठेवला, तेव्हा बऱ्याच चाहत्यांनी पूर्वार्धात मैदानाबाहेर राहून निषेध केला. मार्जिन्सन यांनी 2017 मध्ये व्यवस्थापकपद सोडलं आणि 2019 मध्ये संघ पुन्हा सातव्या पायरीवर घसरला.

ही भांडणं काही जण अपयशाचा पुरावा म्हणून दाखवतात. मला तसं वाटत नाही. सर्वसाधारण सभेत आरडाओरडा होतो, कारण तिथे ओरडणाऱ्याला मत असतं. ओल्ड ट्रॅफर्ड या मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर 2010 मध्ये हजारो चाहते न्यूटन हीथच्या हिरव्या-सोनेरी रंगांचे स्कार्फ गळ्यात घालून ग्लेझर कुटुंबाचा निषेध करत होते. त्यांची निष्ठा कमी नव्हती, पण मंडळ बदलण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. एफसी युनायटेडच्या सभासदांकडे तो होता आणि त्यांनी तो वापरला. या फुटीची किंमतही लोकांनी मोजली आहे. वर्षानुवर्षं एकत्र सामन्याला जाणारे मित्र, बापलेक वेगवेगळ्या मैदानांवर जाऊ लागले. जे ओल्ड ट्रॅफर्डवर थांबले त्यांना मी दोष देणार नाही.

आता ‘फसला का’ हे तपासायला बरी क्लबकडे पाहा, ज्याच्या मैदानाचं भाडं एफसी युनायटेडने वर्षानुवर्षं भरलं. बरीची स्थापना 1885 ची, दोनदा एफए कप जिंकलेला क्लब. मालकाला आर्थिक ताकद सिद्ध करता आली नाही आणि ऑगस्ट 2019 मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगने (दुसऱ्या ते चौथ्या पायरीचा कारभार पाहणारी संस्था) बरीला बाहेर काढलं. सभासदांच्या मालकीचा भाडेकरू त्या वेळी स्वतःच्या मैदानात खेळत होता. बरीच्या चाहत्यांनी मग काय केलं? त्यांनीही बरी एएफसी नावाचा स्वतःचा क्लब काढला, दहाव्या पायरीवरून सुरुवात केली, आणि 2023 मध्ये चाहत्यांचे दोन गट मतदानाने एकत्र आल्यावर गिग लेनवर पुन्हा बरीचा संघ उतरला.