हायवेवर गाडी स्वतःच स्टीअरिंग ओढते, कधी उगाच बीप करते. लेन असिस्टमध्ये बिघाड आहे का?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: नवीन एसयूव्ही, एडासवालं (म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणा असलेलं) टॉप मॉडेल. पुणे-मुंबई करताना ट्रकला ओलांडायला गेलं की स्टीअरिंग उलट्या बाजूला खेचलं जातं. सरळ रस्त्यावर दोन्ही हात स्टीअरिंगवर असूनही 'स्टीअरिंग धरा' असा मेसेज येतो. आणि गावाच्या रस्त्याला लागलात की गाडी एकदम गप्प, लेन सोडली तरी चकार शब्द नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी 'सर, ते फीचर आहे' म्हणून वाटेला लावलं. आता बिघाड आहे का आणि सरळ बंद करून टाकू का, असं तुम्ही विचारताय.

मी चाकणला स्टीअरिंगच्या टेस्टिंगमध्ये काम करतो, त्यामुळे हे प्रश्न ओळखीचे आहेत. तुमच्या वर्णनात मला बिघाड दिसत नाही. तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: या यंत्रणेला फार थोडं कळतं. रस्त्यावरचा रंगाचा पट्टा कळतो, बाकी रस्ता जवळजवळ कळत नाही. तुमच्या मनात काय आहे ते तिला सांगायचं साधनही मुख्यतः एकच, इंडिकेटर.

आरशाच्या मागे काचेला लागून एक कॅमेरा असतो. तो पुढचे पट्टे शोधतो आणि सतत हिशोब करत राहतो की पट्टा गाडीपासून किती लांब आहे, गाडी त्याच्याकडे किती वेगाने सरकतेय आणि चाक पट्ट्यावर जायला किती वेळ उरलाय. आकडे घालून बघा. एक्स्प्रेसवेची लेन पावणेचार मीटर धरा आणि गाडीची रुंदी १.८ मीटर. गाडी बरोबर मधोमध असली तरी दोन्ही बाजूंना मीटरभरसुद्धा जागा उरत नाही, साधारण ९७ सेंटिमीटर. ताशी १०० किमीला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. डुलकी लागली किंवा मोबाइलकडे नजर गेली आणि गाडीचं तोंड फक्त एक अंश वळलं, तर ती सेकंदाला अर्धा मीटर बाजूला सरकते. म्हणजे दोन सेकंदांत चाक पट्ट्यावर. सगळी धडपड या दोन सेकंदांसाठी आहे, म्हणून ती तुम्हाला घाईची आणि आगाऊ वाटते.

यात तीन वेगवेगळे प्रकार असतात आणि कंपन्यांनी नावांचा असा घोळ घातलाय की शोरूममधल्या माणसालाही सांगता येत नाही. पहिला प्रकार नुसता इशारा देतो: बीप, किंवा स्टीअरिंगला थरथर. दुसरा तुम्ही पट्ट्याजवळ गेलात की स्टीअरिंगला आत ढकलतो, पण एरवी गप्प बसतो. तिसरा गाडीला सतत लेनच्या मधोमध ठेवायचा प्रयत्न करतो आणि बहुतेक वेळा अडॅप्टिव्ह क्रूझच्या, म्हणजे पुढच्या गाडीशी अंतर राखत वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या, जोडीने चालतो. ह्युंदाई आणि किया दुसऱ्याला लेन कीपिंग असिस्ट म्हणतात आणि तिसऱ्याला लेन फॉलोइंग असिस्ट. फक्त दुसराच असलेल्या गाडीत तुम्ही हात सैल सोडून बसलात तर ती डाव्या पट्ट्याला टेकून उजवीकडे येते, मग उजव्याला टेकून डावीकडे. बरेच जण हे बघून 'माझी गाडी नागमोडी चालते' म्हणून घाबरतात. ती तशीच चालणार, मधोमध ठेवायचं काम तिला दिलेलंच नाही.

ढकलायचं काम करते ती इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगची मोटर, तीच जी पार्किंगमध्ये स्टीअरिंग हलकं करते. त्या ढकलण्याचा जोर मुद्दाम कमी ठेवलेला असतो. शेजारी बसलेल्या माणसाने एका हाताने स्टीअरिंग हलकंच दाबावं, इतपत. युरोपात लागू असलेल्या यूएन आर७९ नियमात तर लिहूनच ठेवलंय की यंत्रणेला मोडून काढायला ड्रायव्हरला ५० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण पाच किलो वजनाएवढ्या जोरापेक्षा, जास्त जोर लागता कामा नये. मोटर आणि तुमच्यात रस्सीखेच झालीच तर जिंकायचं तुम्हीच, अशी रचना आहे. काही जुन्या मर्सिडीज गाड्यांत स्टीअरिंगला हात न लावता एका बाजूच्या चाकांना ब्रेक लावून गाडी आत आणायचे. त्याचा झटका पहिल्यांदा बसला की माणूस हादरतोच.

आता तुमचा ट्रक. मधल्या लेनमध्ये ८० ने ट्रकच्या मागे आलात, आरसा बघितला, उजवीकडे कोणी नाही, आणि इंडिकेटर न देता अलगद उजवीकडे सरकायला लागलात. हे कॅमेऱ्याच्या बाजूने बघा. इंडिकेटर नाही, स्टीअरिंग जोरात फिरवलेलं नाही, ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर दाबलेला नाही, आणि गाडी हळूहळू पट्ट्याकडे चाललीय. पेंगणाऱ्या ड्रायव्हरची गाडी हुबेहूब अशीच सरकते. निवांत लेन बदलणारा आणि झोपलेला, या दोघांत त्याला काहीही फरक दिसत नाही, म्हणून तो दोघांनाही आत ढकलतो. याउलट समोर काही आडवं आलं आणि तुम्ही झटकन स्टीअरिंग फिरवलंत, तर बहुतेक गाड्या आडव्या येत नाहीत. इतक्या जोराने फिरवलंय म्हणजे माणूस जागा आहे, एवढं तिला कळतं.

इंडिकेटर दिलात की ती त्या बाजूची राखण सोडते. पण इथे एक बारकी गोम आहे. हल्ली दांडी हलकी टेकवली की इंडिकेटर तीनदा लुकलुकून बंद होतो. तुम्ही लेन सावकाश बदलत असाल तर चाक पट्ट्यावर पोचायच्या आधीच ते तीन झपके संपतात आणि मधूनच ढकल बसते. 'मी इंडिकेटर देतो तरी ओढते' म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं दुखणं हे निघतं. दांडी पूर्ण खाली किंवा वर करून ठेवा, लेन बदलून झाली की परत आणा. तसंही आता एक्स्प्रेसवेवर आयटीएमएसचे, म्हणजे वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचे, कॅमेरे लेन कटिंगचं चलान घरी पाठवतात, तेव्हा ही सवय नाहीतरी लागायलाच हवी होती.

ज्या प्रसंगात मी खरंच सावध राहायला सांगेन, तो वेगळा आहे. कडेने सायकलवाला किंवा दुचाकी चाललीय. त्याला जागा द्यायची म्हणून तुम्ही किंचित उजवीकडे, तुटक पट्ट्यावर चाक नेता. एवढ्याशा सरकण्याला इंडिकेटर कोण देतो? गाडीला पट्टा ओलांडला जातोय एवढंच दिसतं आणि ती तुम्हाला डावीकडे, म्हणजे त्या सायकलवाल्याच्या दिशेने, ढकलते. लेनचं गणित करणाऱ्या भागाला सायकलशी देणंघेणं नसतं. जोर कमी असतो, घट्ट धरलेलं स्टीअरिंग जागचं हलत नाही, पण एका हाताने गाडी हाकणाऱ्याचं हललं तर नवल नाही. दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यावर हे सारखं होतं. तिथे मी स्टीअरिंगची मदत बंद ठेवतो आणि फक्त बीप चालू ठेवतो.

गावाच्या रस्त्यावर गाडी गप्प का, त्याची कारणं दोन. एक म्हणजे वेग. बहुतेक गाड्यांत हे काम ताशी ६० ते ७० किमीच्या पुढेच सुरू होतं, त्याखाली यंत्रणा झोपलेली असते. बोरघाटात मध्येच बंद पडते ती यामुळेही. शिवाय तीव्र वळणावर कॅमेऱ्याला पुढचा पट्टा पुरेसा लांबवर दिसत नाही आणि तेवढं वळवायचा जोर मोटरला परवानगीत नसतो, म्हणून ती वळणाच्या मध्येच हात काढून घेते. घाटात तिच्यावर विसंबू नका, एवढं पक्कं.

दुसरं कारण पट्टेच नसणं. नवं डांबर पडतं आणि मग पट्टे मारायला ठेकेदाराला मुहूर्त मिळत नाही. कडेला माती आलेली असते. मुंबई-गोवा महामार्गावर कामाच्या ठिकाणी जुने पट्टे अर्धवट खरवडलेले, त्यावरून वळवलेल्या रस्त्याचे नवे पट्टे, मध्ये डांबराने बुजवलेल्या भेगांच्या चकाकत्या रेघा. अशा ठिकाणी कॅमेरा एकतर हार मानतो किंवा भलत्याच रेघेला पट्टा समजून 'उगाच' बीप करतो. काँक्रीटच्या रस्त्यावर आणखी एक अडचण: फिकट करड्या काँक्रीटवर झिजलेला पांढरा पट्टा उठून दिसत नाही, डांबरावर तोच बरा दिसतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे काँक्रीटचाच. संध्याकाळी मुंबईकडे जाताना सूर्य समोर असला, किंवा पावसात ओल्या रस्त्यावर समोरच्या गाड्यांचे दिवे चमकत असले, की तुमचे डोळे जिथे दिपतात तिथे तो कॅमेराही दिपतो. लोणावळ्याच्या धुक्यात तर बोलायलाच नको.

पूर्वी कॅमेऱ्याऐवजी दुसराच मार्गही वापरून झालाय. सित्रोएनने २००४-०५ च्या सुमाराला काही मॉडेलमध्ये पुढच्या बंपरखाली इन्फ्रारेड सेन्सर बसवले होते. चाक पट्ट्यावर गेलं की सीटची त्या बाजूची कड थरथरायची. पण ते सेन्सर बंपरखालचा पट्टाच तेवढा बघायचे, त्यामुळे वळण येतंय की पट्टा संपतोय याची आगाऊ खबर नाही. कॅमेरा पुढे बघतो, म्हणून तो टिकला.

गाडीला आत्ता पट्टे दिसतायत की नाही, हे मीटरमध्ये दिसतं. तिथे लेनचं छोटं चित्र असतं. बऱ्याच गाड्यांत पट्टा ओळखला की ती रेघ हिरवी होते आणि ओळखला नाही तर करडी किंवा पांढरी राहते. रंग कंपनीगणिक बदलतात, मॅन्युअलचं ते एक पान वाचाच. कधी फक्त एकाच बाजूची रेघ उजळते. तेव्हा दुसऱ्या बाजूला तुम्ही कितीही सरकलात तरी गाडी काही बोलणार नाही.

हात असूनही 'स्टीअरिंग धरा' का? कारण बहुतेक गाड्यांना तुमचा हात कळतच नाही. स्टीअरिंगच्या दांड्यावरच्या सेन्सरला फक्त पीळ कळतो. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर तुम्ही हात हलके आणि स्थिर ठेवलेत तर पीळ शून्य, आणि गाडीच्या लेखी हात नाहीत. अधूनमधून स्टीअरिंगला डावी-उजवीकडे केसभर ताण द्या, मेसेज जातो. काही महागड्या गाड्यांत रिममध्येच स्पर्श ओळखणारी पट्टी असते, त्यांना ही कटकट नाही. वर उल्लेख केलेल्या नियमात, हात काढल्यावर जास्तीत जास्त १५ सेकंदांत डोळ्यांना दिसणारा इशारा द्यायचा आहे, मग आवाज, आणि तरीही दाद नसेल तर यंत्रणा बंद. स्टीअरिंगला पाण्याची बाटली अडकवून तिला फसवायचे व्हिडिओ फिरतात. त्यांच्या नादी लागू नका, तो सेन्सर तुमच्याच जिवासाठी आहे.

तर बंद करू का? एक्स्प्रेसवे किंवा समृद्धीवर, आणि विशेषतः रात्री किंवा दुपारच्या जेवणानंतर, चालू ठेवा. समृद्धीवर तासन्‌तास सरळ, रिकामा रस्ता आणि १२० ची मर्यादा. तिथे डुलकी ही खरी भीती आहे आणि ही यंत्रणा नेमकी त्यासाठीच बनलीय. दुपदरी रस्त्यावर, कामं चाललेल्या पट्ट्यात आणि शहरात मदत बंद, इशारा चालू. बीप डोक्यात जात असेल तर सेटिंगमध्ये आवाज कमी करता येतो, बीपऐवजी थरथर निवडता येते, आणि काही गाड्यांत इशारा लवकर हवा की उशिरा तेही ठरवता येतं. लक्षात ठेवा, काही मॉडेलमध्ये तुम्ही बंद केलेलं पुढच्या वेळी गाडी सुरू करताना परत चालू झालेलं असतं.

बिघाडाची शंका उरलीच असेल तर आधी सगळं बंद करून सरळ रस्त्यावर गाडी चालवून बघा. तरीही एकाच बाजूला ओढत असेल तर प्रश्न लेन असिस्टचा नाही. टायरमधली हवा बघा आणि व्हील अलाइनमेंट करून घ्या. त्यानंतर काच. फास्टॅग आरशाजवळ लावताना कॅमेऱ्याच्या खिडकीसमोर तर आला नाही ना? डॅशबोर्डवर पांढरा टिश्यूचा डबा किंवा चकाकणारी मूर्ती असेल तर तिचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि कॅमेऱ्याला तेही दिसतं. गाडीत कोणाची श्रद्धा दुखवायची नाही, पण गणपती थोडा बाजूला सरकवा. आणि पुढची काच कधी बदलली असेल, विशेषतः बाहेरच्या काचवाल्याकडून, तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर बरोबर जुळवून घेणं, परत झालं का ते विचारा. कॅमेरा अगदी थोडा तिरका बसला तरी लांबचा पट्टा त्याला भलत्याच जागी दिसतो आणि ओढ एकाच बाजूची असते. हे काम ठरलेल्या अंतरावर टार्गेट बोर्ड लावून किंवा स्कॅनर जोडून रस्त्यावर गाडी चालवून करतात, आणि मशीन त्याचा रिपोर्ट देतं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पुन्हा 'फीचर आहे' म्हटलं तर त्यांच्याकडे तो छापील रिपोर्ट मागा. काच विम्यातून बदलली असेल तर कॅलिब्रेशनचा खर्च त्याच क्लेममध्ये धरलाय का, तेही बिलावर बघून घ्या.