वॉर्निंग आणि ऑर्डरमध्ये गल्लत करू नकोस
अरे, एलएत (लॉस एंजेलिसमध्ये) नवीन आहेस म्हणून सांगतो, वणवा जवळ आला की घर सोडायच्या सूचना येतात, त्यात इव्हॅक्युएशन वॉर्निंग म्हणजे बॅग भरून तयार राहा आणि ऑर्डर म्हणजे लगेच नीघ, पण सांता आनाचं वारं (वाळवंटाकडून येणारं कोरडं, जोराचं वारं) सुटलं असेल तर ऑर्डरची वाट बघत बसू नकोस, 7 जानेवारी 2025 ला अल्टाडीनाकडे ईटन फायर पेटली तेव्हा वाऱ्याने ठिणग्या उडून पार पुढच्या गल्ल्यांतली घरं जळाली. मी त्या रात्री कपाटं उचकत होतो, आय-797 (व्हिसा मंजुरीचा कागद) सापडला बायकोच्या साड्यांखाली! आता सगळी कागदं एका पिशवीत, दाराशी. वॉच ड्यूटी ॲप टाक, वणवा कुठे आहे ते त्यात दिसतं. धुरात खिडक्या बंद, बाहेर एन-95च, कापडी मास्कने काही होत नाही. आणि मॅनेजरला आधीच सांगून ठेव, लाईट गेली की वायफाय पण जातं.